डोळे उघडे ठेवून

ता. ४ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सप्रेम सलाम, वि. वि. आम्ही तिघं खुशाल आहोत असं लिहायचं असतं. पण ताई, आम्ही खुशाल नाही.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेली माती, असं तू लहानपणी म्हणायचीस. लावून लावून वाच.

ठकीचा डावा कान वाहतो हे तुला ठाऊक आहे. मी आपली कापसानं पुसायची आणि मोठी झाली की थांबेल म्हणायची. मागच्या आठवड्यात शाळेतल्या बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, तुमची मुलगी ऐकत नाही. मला वाटलं मस्ती करते म्हणून सांगतायत, मी तिथंच तिच्या पाठीत एक घातली. तर बाई म्हणाल्या, अहो तसं नव्हे, तिला ऐकूच येत नाही, मागून हाक मारली तर वळतसुद्धा नाही. ताई, मी जन्म दिलेली, आणि मला मेलीला घरात कळलं नाही. समोर उभं राहून बोललं की सगळं बरोबर करते, मग कळणार कसं?

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. त्या म्हणतात, कानामागचं हाड आतून सडत चाललंय आणि ते मेंदूच्या बाजूला सरकतंय. ऑपरेशन लवकर करायला हवं. त्यानं डाव्या कानाचं ऐकणं कायमचं जाऊ शकतं. तिथून तोंडाची नस जाते, तिला धक्का लागला तर तोंड वाकडं होऊ शकतं. उजव्या कानात नुसतं पाणी साठलंय, ते काढता येईल म्हणाल्या. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी परत सगळं सांगितलं.

कसं सांगितलं ते तुला सांगायला नको. आमची एकच खोली, पोर चोवीस तास पायात. काही लपवायचं झालं की आम्ही गिरणीच्या मागखात्यातलं बोलणं बोलतो. शंभर माग एकदम खडखडत असले की कानात ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथं सगळे आवाज न काढता ओठांनी बोलतात, तोंड मोठं करून, थोडा हात हलवून. मी कांड्या भरायचे तेव्हा हे मला मागांच्या चार रांगा पलीकडून चहाला येतेस का विचारायचे, तेच बोलणं. तर ठकी खाली बसून बाहुलीचे केस विंचरत होती आणि तिच्या डोक्यावरून आम्ही दोघं मुकाट्यानं तिच्या हाडाबद्दल बोलत होतो. तिला काही कळता कामा नये असं आमचं ठरलंय. सहा वर्षांची पोर, भीतीनंच मरेल. दवाखान्यात न्यायच्या दिवशी मावशीकडे चाललोय म्हणून सांगणार आहे. तू सांभाळून घे.

रोज संध्याकाळी प्रार्थना करते, पण मन लागत नाही. त्यात ही पोरगी प्रार्थनेला डोळे मिटत नाही. टकामका बापाच्या तोंडाकडे बघत बसते. काल मी चिमटा काढला. देवासमोर तरी नीट बस म्हटलं. मग मिटले तिनं, आणि गालावरून पाणी आलं. मलाही रडू आलं.

प्रभूनं आपल्यावर हात ठेवावा आणि तू माझ्यावर.
तुझी,
धाकटी


ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ. तुझं पत्र मिळालं. मशीन थांबवून वाचलं, मग परत वाचलं, मग कोणाच्या तरी पोलक्याला एक बाही उलटी लावली.

आधी कामाचं. सोबत झगा पाठवतेय, ठकीसाठी. पुढून उघडा केलाय, वरपासून खालपर्यंत बटणं. कानाला पट्टी असली की डोक्यावरून काही घालता-काढता येत नाही, हे आमच्या शेजारणीच्या मुलाच्या वेळी बघितलंय. बटणं मोठी लावलीत, तिची तिला लावता येतील. पिवळं कापड माझ्या शिलकीतलं आहे, उगाच खर्चाची काळजी करू नकोस.

आता दुसरं. माझ्या नावानं खोटं बोलायचं नाही. पोर मावशीच्या घरी म्हणून निघेल आणि दवाखान्यात सुईसमोर जागी होईल, मग जन्मभर मावशी म्हटलं की तिच्या दंडात कळ येईल. मी काय बागुलबुवा आहे? तिला सांग. थोडं सांग, पण खरं सांग.

तू लिहितेस देवावर मन लागत नाही. धाकटे, त्याचं औषध माझ्याकडे नाही. मला तरी कुठं दर वेळी लागतं? पण तुझ्या पोरीचा तुझ्यावर विश्वास आहे, तेवढा तरी मोडू नकोस. एकदा फाटला की त्याला रफू होत नाही, हे शिवणारीचं ऐक.

आणि तिला चिमटे काढू नकोस. लहानपणी प्रार्थनेत डोळे किलकिले करून माझ्या ताटलीतली साखर कोण पळवायचं, ते मी अजून विसरलेली नाही.

मला यायचं होतं. पण सासूबाई अंथरुणावर आहेत, कूस बदलायलाही मी लागते. विणकरबुवांना रजा घ्यायला सांग. त्या दिवशी तू एकटी तिथं नको. ज्यांनी शंभर मागांच्या गोंगाटात बायको पटवली, त्यांना मुकादमाशी दोन शब्द बोलता येऊ नयेत?

माया आहे तशीच राहू दे, पत्रं मात्र वाढव.
तुझी,
ताई


ता. १७ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सलाम, वि. वि. झगा पोचला. ठकीनं तो लगेच घातला आणि सगळी बटणं लावून काढून परत लावली. मावशीनं कशाला पाठवला हे एका शब्दानं विचारलं नाही. मी मात्र उत्तर तयार ठेवून बसले होते.

ताई, रागावू नकोस. परवाची तारीख मिळाली होती. मी गेले नाही. पोरीला सर्दी झालीय असा निरोप धाडला. सर्दी नव्हती. पिशवी भरली होती, चपला घातल्या होत्या आणि दारातच माझे पाय गळाले. वाटलं, आज घरी राहिली तर आजच्यापुरतं तिचं तोंड सरळ आहे, माझ्याकडे बघून हसतेय. उद्याचं उद्या. ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर ते रागावलेसुद्धा नाहीत. नुसते भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना रजा मिळालेली नाही. मुकादम म्हणतो, माणसं कमी आहेत, माग बंद राहिले तर परत यायचं कारण नाही. तुला माहीत आहे, हे मुकादमासमोर मान वर करत नाहीत.

आताशा हे मोठ्यानं प्रार्थनाही करत नाहीत. मलाच करावी लागते आणि मी एकच गोष्ट रोज मागते. काल ठकी मला म्हणाली, आई, तू येशूला रोज रोज तेच का सांगतेस, त्याचे कान काय माझ्यासारखे आहेत? मी म्हटलं तसं नाही ग, आपण मागत राहायचं असतं. तर म्हणते, मी दोनदा पाणी मागितलं तर तू म्हणतेस एकदा ऐकलं ना, देते, धीर धर. मग तूपण धीर धर की. ताई, मी उठून तिला पाणी दिलं. दुसरं काय करणार?

तिचं आणखी एक नवीन चाललंय. प्रार्थनेला माझ्या धाकानं डोळे मिटते, पण नंतर एकटी कोपऱ्यात बसते आणि नुसते ओठ हलवते, आवाज नाही. मला वाटलं माझी नक्कल करतेय, मी ओरडले. ती म्हणाली, आई, आवाज नाही काढला तर येशूला कळतं का? मी म्हटलं कळतं, पण चेष्टा केलेली चालत नाही. तिनं मान हलवली. बाहुलीच्या डाव्या कानाला तिनं चिंधी बांधलीय. हे तिनं कुठं बघितलं कोण जाणे, दवाखान्यात बघितलं असेल.

तिला खरं सांगायचं अजून जमलेलं नाही. तोंड उघडते आणि दुसरंच काहीतरी बोलते. काल सांगायला बसले आणि दात घासलेस का विचारलं.

मला घट्ट धरून ठेव, ताई.
तुझी,
धाकटी


ता. २१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. हे पत्र उभ्या उभ्या लिहितेय, पोस्टाचा माणूस दारात आहे.

पोरीला घेऊन दवाखान्यात जा. सर्दीचा निरोप धाडणारी आई आणि सडकं हाड, यांत कोण जिंकेल हे सांगायला डॉक्टरीण लागत नाही. तुझे पाय गळाले तर गळालेल्या पायांनी जा. भीती जाईल मग मी जाईन असं म्हणत बसलीस तर मी आल्यावर तुझा कान ऑपरेशन न करता पिळीन.

पोरीनं धीर धर म्हटलं ते बरोबर म्हटलं. पण धीर धर म्हणजे घरी बस असं ती म्हणाली नाही.

तुझ्यासाठी गुडघ्यावर आहे, गुडघे दुखतात तरी.
ताई


ता. २७ मार्च, दवाखान्यातून

ती. ताईंस,
सलाम. तिला आत घेतलंय. कानामागे सूज आली होती, म्हणून थांबता आलं नाही. तुमची बहीण माझ्याशेजारी बाकावर आहे. तिला आत्ता लिहवत नाही, म्हणून मी लिहितो. मला असलं लिहिण्याची सवय नाही.

ताई, तुम्ही प्रार्थना करा. मला शब्द सुचत नाहीत. ओठ हलतात तेवढंच.
तुमचा,
विणकर


ता. ३ एप्रिल

ती. ताईस,
धाकटीचा सप्रेम सलाम, वि. वि. तार मिळाली असेलच. ठकी वाचली. हसते तेव्हा तिचं तोंड सरळ आहे. हे मी आधी लिहितेय, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

तुझं पत्र आलं आणि त्याच संध्याकाळी तिच्या कानामागे सूज दिसली, लिंबाएवढी. दवाखान्यानं लगेच भरती करायची तारीख दिली. त्या दिवशी हे सकाळच्या पाळीला गेले, जाताना माझ्याकडे बघवेना त्यांना. मी तिला पिवळा झगा घातला आणि एवढं करूनही, ताई, मी तिला मावशीकडेच चाललोय म्हणाले. शिव्या घाल. बसमध्ये ती माझ्या मांडीवर बसली आणि माझाच हात थोपटत होती. मला वाटलं झोप आलीय.

वॉर्डातली सिस्टर चांगली होती. ठकीसमोर खाली बसली आणि विचारलं, इथं कशाला आलीस, ठाऊक आहे का? मी मध्ये बोलणार तेवढ्यात ही म्हणाली, ठाऊक आहे. माझ्या कानामागचं हाड सडलंय, ते मेंदूकडे चाललंय, ते काढायचंय. हा कान जाईल बहुतेक. तोंड वाकडं होऊ शकतं, पण डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे. आईला सांगू नका, ती घाबरलीय.

ताई, हे शब्द कोणाचे होते? ह्यांचे होते, जसेच्या तसे. डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे हे ह्यांनी मला मागखात्यातल्या बोलण्यात सांगितलं होतं, ती बाहुली विंचरता विंचरता वर बघत होती तेव्हा. आवाजसुद्धा काढला नव्हता. आणि आवाज नव्हता म्हणूनच तिला कळलं. कधीपासून कोण जाणे, ती सगळ्यांच्या ओठांवरूनच ऐकत होती ग. आम्ही जी भाषा तिच्यापासून लपवायला वापरली, तीच घरात तिला सगळ्यांत चांगली येत होती. तोंड मोठं करून, सावकाश, स्पष्ट. आम्ही तिच्या डोक्यावरून ओरडूनच बोलत होतो म्हण ना.

आणि प्रार्थनेला डोळे का मिटत नव्हती तेही तेव्हा कळलं. मिटले की तिची प्रार्थना बंद पडायची. अंधारात काय ऐकणार? मी चिमटा काढून तिला देवाच्या घराबाहेर उभं करत होते, ताई.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, तुला माहीत होतं तर मला बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू बाबांना म्हणालीस ना, तिला कळता कामा नये. मग मी येशूला सांगितलं, तू आईला सांग मला माहीत आहे म्हणून. मी विचारलं, आणि भीती नाही वाटली? वाटली म्हणाली. खूप वाटली. पण तू रोज सांगतच होतीस की त्याला, मग झालं.

मी त्याला रोज सांगत होते आणि माझा विश्वास नव्हता. ती माझी प्रार्थना ओठांवरून वाचत होती आणि तिचा विश्वास होता. माझ्याच तोंडातून.

नंतर तिला गाडीवर झोपवून नेलं. एका दारापुढे मला जाऊ देईनात. त्या दाराला काच होती. मी एकटी काचेला नाक लावून उभी. आतून काही ऐकू येत नव्हतं, तिनं मान वळवली आणि मला शोधलं. मग ती मागखात्यातलं बोलली, ताई. तोंड मोठं करून, सावकाश, मला कळावं म्हणून. म्हणाली, आई, रडू नको. त्याला दिसतं. मी पण तसंच म्हटलं, दिसतं. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणताना मला ते खरं वाटलं. मग गाडी वळली.

आणि तेव्हाच खांद्यावर हात पडला. हे होते, केसांत कापूस तसाच. चालू पाळीतून निघून आले होते. मुकादमासमोर जाऊन उभे राहिले, खडखडाटात ओठांनीच सांगितलं की माझी मुलगी आत आहे, मी चाललो. मग आपले माग बंद केले आणि निघाले. पुढं काय होईल म्हणून मी विचारलं तर म्हणाले, माहीत नाही. हसून म्हणाले! हे, जे बसच्या तिकिटाला सुद्धा दोनदा विचार करतात.

डावा कान गेला. तेवढं द्यावं लागलं. उजव्यातलं पाणी काढलं, आता मागून हाक मारली की ती वळते. मी दिवसभर उगाच हाका मारते. काल वैतागून म्हणाली, एकदा ऐकलं ना आई.

माझ्यावरचा राग घरी येऊन काढ, पत्रातून नको.
तुझी,
धाकटी


ता. १९ एप्रिल

ती. ताईस,
धाकटीचा सलाम, वि. वि. पट्टी निघाली. कानामागे चंद्रकोरीसारखा व्रण आहे, त्यावर केस येतील. शाळेत पहिल्या बाकावर, उजवा कान बाईंकडे करून बसते. पिवळ्या झग्याची तीन बटणं गेलीत, नवीन धाड.

ह्यांचे माग दुसऱ्या कोणाला दिले होते. दुसऱ्या दिवशी मुकादमानं नुसतं बघितलं आणि बोटानं रांग दाखवली. नवी रांग, जुने माग, सारखे धागे तोडणारे. कुरकुर करतात, पण गेलेत कामावर.

आता आमच्याकडे प्रार्थना डोळे उघडे ठेवून होते. तिघं खाली समोरासमोर बसतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. हे परत प्रार्थना करायला लागलेत, पण आवाज न काढता, मागखात्यातल्या बोलण्यात. तसं त्यांना जमतं म्हणतात, मोठ्यानं लाज वाटते. परवा चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा आम्ही असेच बसलेलो. तिघं डोळे वटारून एकमेकांकडे बघतायत आणि घरात चकार शब्द नाही. त्यांना वाटलं आमचं कडाक्याचं भांडण झालंय. दारातूनच समेट घडवायला लागले. ठकीनं त्यांना खाली बसवलं आणि डोळे मिटायचे नाहीत म्हणून बजावलं. बसले बिचारे. जाताना डोळे पुसत होते.

एक राहिलं. काल तिची वेणी घालताना मी विचारलं, ऑपरेशनच्या आधी कोपऱ्यात बसून तू येशूजवळ काय मागत होतीस? मला वाटलं कान मागितला असेल, आणि डावा मिळाला नाही म्हणून तिचं मन खट्टू झालं असेल. समजूत कशी घालायची ते मी ठरवूनसुद्धा ठेवलं होतं.

तर म्हणाली, कान तू मागत होतीस ना, मग दोघींनी तेच कशाला मागायचं. बाबांना सुट्टी नव्हती. मी आत गेल्यावर दाराबाहेर तू एकटी राहशील, म्हणून तुझ्याजवळ कोणीतरी पाठव म्हटलं होतं.

वेणी अर्धीच राहिली ग ताई.

तू आमच्यासाठी गुडघे टेकतेस तेव्हा आता डोळे उघडे ठेव. कोण येऊन उभं राहील सांगता येत नाही.
तुझी,
धाकटी